तीन लाख कामगार आणि तुमचा टीएलडी बॅज

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई वाशीतल्या एका खासगी रुग्णालयात सीटी विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहेत, राहायला कळव्याला. नोकरीला बारा वर्षं झाली. परदेशातल्या तीन लाख अणुकामगारांच्या अभ्यासात रेडिएशनच्या अगदी कमी डोसनेही कॅन्सर वाढलेला दिसला, असं त्यांच्या वाचनात आलं. त्याच सुमारास त्यांच्या विभागाला एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सामील व्हायचं निमंत्रण आलं. टीएलडीच्या, म्हणजे कामावर असताना अंगावर लावायच्या रेडिएशन मोजणाऱ्या बॅजच्या, नोंदी द्यायच्या, प्रश्नावली भरायची आणि रक्ताची एक नळी द्यायची. त्या विचारतात: तो निष्कर्ष मला लागू होतो का? रक्तावरून मला पुढे कॅन्सर होणार का ते कळेल का? आणि हे काम आपलं आपण का करत नाही, आपल्या नोंदी बाहेर का द्यायच्या?

मी मेडिकल फिजिसिस्ट. नवी मुंबईत आरएसओ, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकारी, म्हणून बरीच वर्षं काम केलं, आणि मधल्या काळात अशाच अभ्यासांसाठी लोकांच्या डोसच्या नोंदी जुळवत बसलो. तेव्हा उत्तर डॉक्टरांच्या अंगाने येणार नाही, रजिस्टरच्या अंगाने येईल.

तुम्ही वाचलात तो अभ्यास बहुतेक इनवर्क्स असावा. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आम्ही तिला आयएआरसी म्हणतो. तिने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतल्या ३,०९,९३२ अणुकामगारांच्या बॅजच्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींना जोडल्या. काही नोंदी थेट १९४० च्या दशकातल्या आहेत. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: रक्ताचे कॅन्सर सोडून बाकीच्या, म्हणजे गाठीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, दर ग्रेमागे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या रेडिएशनचं माप) ५२ टक्क्यांनी वाढतात. बातम्यांमध्ये ‘५२ टक्के’ ठळक छापलं गेलं आणि ‘दर ग्रेमागे’ वाटेत कुठेतरी गळून पडलं. फोन सुरू झाले ते त्यामुळे.

१ ग्रे म्हणजे १००० मिलिग्रे. क्ष-किरणांसाठी तोच आकडा मिलिसिव्हर्ट म्हणून वाचला तरी चालतो, हे तुम्हाला शिकवायला नको. काचेआड कंट्रोल रूममध्ये बसून स्कॅन घेणाऱ्या माणसाची वर्षाची नोंद साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत असते. बारा वर्षांत समजा तुमचे ५ मिलिसिव्हर्ट झाले. ५२ टक्के दर १००० ला, तर ५ ला ०.२६ टक्का. आता असं धरा की दहा हजार माणसांतली हजार माणसं एरवीही कॅन्सरने जाणार आहेत. त्या दहा हजारांपैकी प्रत्येकाला तुमच्याएवढा डोस मिळाला, तर हजाराच्या जागी हजार दोन किंवा हजार तीन. निष्कर्ष तुम्हाला लागू होतो का? होतो. पण लागू होऊन जे हातात येतं ते एवढंच आहे. तुमच्या विभागातला एखादा वॉर्डबॉय खिशात माव्याची पुडी ठेवून फिरत असेल, तर त्याच्यापाशी रेडिएशनचा विषय काढूच नका, माव्याचा काढा.

तुमच्या पेशाचा वेगळा अभ्यासही आहे, आणि तो मला इनवर्क्सपेक्षा तुमच्या जवळचा वाटतो. अमेरिकेत १९८२ पासून रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट मंडळींचा मागोवा घेतला जातोय, जवळजवळ १ लाख ४६ हजार जण, त्यात बहुतांश बायका. तिथे स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण उठून दिसलं ते १९४० च्या आधी कामाला लागलेल्या पिढीत. तेव्हा शिसं लावलेल्या भिंती नव्हत्या, टेक्निशियन पेशंटला हाताने धरून उभे राहायचे, मशीन चालतंय का ते स्वतःच्या हाताचा फोटो काढून बघायचे. पुढच्या पिढ्यांत डोस उतरत गेला. भारतात आज एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. सीटीवाल्यांचे आकडे तिच्या आसपासही जात नाहीत. मला काळजी वाटते ती कॅथलॅबमधल्या (जिथे अँजिओग्राफी होते तिथल्या) नर्सची आणि हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म या फिरत्या एक्स-रे मशीनशेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांची. त्यातल्या कितीतरी जणांना बॅजच मिळालेला नसतो. अभ्यासात त्यांना कोण घेणार? रजिस्टरात नाव नाही तो माणूस अभ्यासापुरता नाहीच.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

कमी डोसचा परिणाम शोधायचा तर माणसं फार लागतात, आणि किती फार याचा हिशेब बसलेला आहे. १००० मिलिसिव्हर्टचा परिणाम दाखवायला ५०० माणसं पुरत असतील, तर १०० मिलिसिव्हर्टसाठी ५० हजार लागतात आणि १० मिलिसिव्हर्टसाठी ५० लाख. डोस दहापट कमी झाला की माणसं शंभरपट. कारण कॅन्सर एरवीही इतका होतो की थोडीशी वाढ त्यात बुडून जाते. एवढी माणसं, तीही बॅज लावणारी, तीही तीस-चाळीस वर्षं मागोवा घेता येईल अशी, कुठल्याच एका देशाजवळ नाहीत. अमेरिकेजवळही नाहीत. म्हणून देश एकत्र येतात. यात उदारपणा वगैरे काही नाही, अंकगणिताची सक्ती आहे.

हिरोशिमा-नागासाकीचा अभ्यास १९५० पासून चालू आहे. सुमारे १ लाख २० हजार माणसं त्यात आहेत, आणि जगभरची रेडिएशनची नियमावली आजही मुख्यतः त्याच आकड्यांवर बेतलेली आहे. १९५८ ते १९९८ या काळात त्या मंडळींमध्ये १७,४४८ गाठीचे कॅन्सर नोंदले गेले. त्यांतले रेडिएशनमुळे झालेले किती? अंदाज साधारण ८५०. अणुबॉम्ब पडलेल्या शहरांत! हा आकडा ऐकल्यावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण तो अभ्यास टिकला तो निव्वळ माणसांच्या संख्येवर नाही. स्फोटाच्या क्षणी कोण कुठे उभं होतं, मध्ये भिंत होती का, घर लाकडी होतं का, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे एकेकाला विचारून प्रत्येकाचा डोस काढला गेला. ती पद्धत १९८६ मध्ये बदलली, २००२ मध्ये पुन्हा बदलली, आणि दर वेळी सगळे हिशेब नव्याने मांडले गेले. कॅन्सर झाला हे पॅथॉलॉजिस्ट सांगू शकतो. डोस किती मिळाला हे सांगणारं कोणी नसेल तर त्या निदानाचा या कामाला काही उपयोग नाही.

डोसची नोंद बिघडली तर काय होतं त्याचं ठळक उदाहरण इनवर्क्सच्या आधीच्या अभ्यासात आहे. आयएआरसीने तेव्हा पंधरा देश एकत्र आणले होते, ४ लाख ७ हजार कामगार. २००५ मध्ये निकाल आला आणि खळबळ उडाली, कारण धोका अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. मग लोकांनी एकेक देश बाजूला काढून बघायला सुरुवात केली. कॅनडा बाजूला काढला की आकडा खाली यायचा. कॅनडाची माणसं थोडी, पण ओढ मोठी. पुढे तिथल्या अणुनियामक मंडळाने नोंदी उकरल्या तेव्हा कळलं की सरकारी अणुऊर्जा कंपनीतल्या १९६५ च्या आधीच्या काही कामगारांच्या डोसच्या नोंदी अपुऱ्या होत्या. माणसाला डोस मिळाला होता, कॅन्सरही झाला होता, पण कागदावर डोस नव्हता किंवा कमी होता. साहजिकच थोड्याशा डोसने खूप कॅन्सर झाल्यासारखं दिसलं. पंधरा देशांच्या निकालावर एका देशातल्या काही जुन्या रजिस्टरांची सावली पडली. इनवर्क्समध्ये तीनच देश आहेत ते यामुळे: ज्यांच्या नोंदी लांब पल्ल्याच्या, भरवशाच्या आणि मृत्यूच्या नोंदींना जोडता येण्यासारख्या होत्या तेवढेच ठेवले.

या कसोटीवर आपण कुठे आहोत?

एका बाबतीत बरे आहोत. टीएलडी बॅजची देशव्यापी व्यवस्था बीएआरसीने (ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने) उभी केली, डोसची राष्ट्रीय नोंद तिथेच ठेवली जाते, आणि प्रत्येक कामगाराला स्वतःचा क्रमांक असतो. पुष्कळ देशांजवळ एवढंही नाही. गडबड होते ती बॅज आणि माणूस यांच्यामध्ये. बॅज ड्रॉवरमध्ये पडलेला असतो आणि त्याची नोंद शून्य येते. बॅज लेड अॅप्रनच्या आत लावायचा, तर कोणी बाहेर लावतं. कोणी ड्युटी संपल्यावर अॅप्रनसकट तो एक्स-रे रूममध्येच टांगून घरी जातं, मग तीन महिन्यांनी भलामोठा आकडा येतो आणि चौकशी लागते. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) कंट्रोल बॅज, जो रेडिएशनपासून लांब ठेवायचा असतो, तो मशीनच्याच खोलीतल्या कपाटात सापडला. त्या तिमाहीत सगळ्यांचे डोस खाली दिसले, कारण कंट्रोलचा आकडा प्रत्येकाच्या आकड्यातून वजा होतो. हे सगळं त्या नोंदीत जसंच्या तसं बसलेलं आहे. परदेशातला संख्याशास्त्रज्ञ हे ओळखू शकत नाही, त्याला फक्त स्वच्छ दिसणारी फाइल मिळते. कोणती तिमाही खरी आणि कोणती कपाटातली हे सांगू शकेल तो त्या विभागात तेव्हा हजर असलेला माणूस. म्हणून म्हणतो, अशा अभ्यासात आपला माणूस डोस समितीवर हवाच, नुसता नमुने गोळा करणारा नको.

शून्याविषयी एक सांगून ठेवतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. बॅजला एक खालची मर्यादा असते, तिच्याखाली काही मिळालं तरी नोंद शून्य होते. एकट्या तिमाहीत त्याने काही बिघडत नाही. पण वीस वर्षांच्या ऐंशी तिमाह्या आणि हजारो माणसं घेतली की ती शून्यं साचतात. त्यांचं काय करायचं यावर आयएआरसीच्या बैठकांत तास न् तास वाद होतात.

आता आपली कच्ची बाजू. डोस कळला, पुढे त्या माणसाचं काय झालं? ब्रिटनमध्ये किंवा नॉर्वेमध्ये माणसाचा राष्ट्रीय क्रमांक घातला की कॅन्सर नोंदणी आणि मृत्यू नोंदणी दोन्हींत तो सापडतो. आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम एक-पंचमांश मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेलं वैद्यकीय कारण असतं. बाकीच्यांच्या दाखल्यावरून माणूस कशाने गेला ते कळत नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी देशातली सगळ्यात जुनी, इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केलेली. पण अशी नोंदणी माणूस राहतो कुठे त्यावरून मोजते. तुम्ही वाशीत काम करता, कळव्याला राहता आणि परळला तपासणीला गेलात, तर बृहन्मुंबईच्या आकड्यात तुम्ही मोजल्या जाणार नाही. उद्या निवृत्त होऊन गावी चिपळूणला गेलात तर आणखीच प्रश्न. ठाणे-नवी मुंबईत तर निम्मं गाव बाहेरून आलेलं आणि निम्मं परत जाणारं. अशा वस्तीत चाळीस वर्षांचा मागोवा घ्यायचा म्हणजे पत्ता शोधण्यातच आयुष्य जातं.

तरी हे जमत नाही असं नाही. केरळात करुणागपल्लीला जमलं, आणि तो अभ्यास जगात मानाने वाचला जातो. तिथल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत मोनाझाइट हे खनिज, मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम, त्यामुळे काही भागांत नैसर्गिक रेडिएशन इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त. तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने १९९० च्या दशकात ३,८५,१०३ रहिवाशांचा गट बांधला, घरोघर जाऊन रेडिएशन मोजलं, विडी, दारू, शिक्षण, धंदा सगळं विचारलं. जपानी संशोधक बरोबर होते. त्यांतल्या ३० ते ८४ वयाच्या ६९,९५८ लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेऊन २००९ मध्ये निकाल छापला: रेडिएशनमुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही. दर ग्रेमागे वाढीचा आकडा उणे ०.१३, म्हणजे इनवर्क्सच्या ५२ टक्क्यांच्या जागी उणे १३ टक्के.

हा आकडा लोक दोन्हीकडून गैरवापरतात. एक गट म्हणतो बघा, कमी डोस निरुपद्रवी. दुसरा म्हणतो अभ्यासच खोटा. मूळ निबंधात त्या आकड्याशेजारी पट्टा दिलेला आहे, खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांमध्ये असेल तो: उणे ०.५८ ते अधिक ०.४६. इनवर्क्सचा आकडा ०.५२, त्याचा पट्टा ०.२७ ते ०.७७. दोन पट्टे ०.२७ ते ०.४६ या भागात एकमेकांवर चढतात. म्हणजे हे दोन अभ्यास भांडतायत असं म्हणता येत नाही. शिवाय एकात मृत्यू मोजले, दुसऱ्यात नवे रुग्ण. एकात कारखान्यात मिळालेला डोस, दुसऱ्यात जन्मापासून थेंब थेंब मिळालेला. माझं मत विचाराल तर धोका आहे, लहान आहे, आणि करुणागपल्लीची मंडळी अजून वीस वर्षं मागोवा घेत राहिली तर तो पट्टा आक्रसेल. आपल्या महाराष्ट्रात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. गावोगाव फिरून लक्षणं विचारायची आणि संशयित पेशंटला दवाखान्यापर्यंत आणायचं ही तिची रीत. पैशापेक्षा पायपीट लागते या कामाला.

भारतीयांनी या अभ्यासांत असावं याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात वजनदार वाटतं. जपानमध्ये पोटाचा कॅन्सर मुळातच जास्त, अमेरिकेत स्तनांचा. आपल्याकडे तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा. रेडिएशन मूळ प्रमाणाला गुणून वाढवतं, की त्यात ठरावीक भर टाकतं? गुणत असेल तर जपानचा आकडा आपल्याला एका रीतीने लावायचा, भर टाकत असेल तर दुसऱ्या. तज्ज्ञ समित्या आज काही कॅन्सरसाठी दोन्हींची मधली वाट धरतात. ती मधली वाट आहे, मोजलेली नव्हे. तंबाखू चघळणाऱ्या, जंतुसंसर्गाचं ओझं असलेल्या लोकसंख्येत रेडिएशन कसं वागतं हे फ्रान्सच्या अणुकामगारांकडून कळणार नाही. आपण नोंदी दिल्या नाहीत तर आपल्या मर्यादा इतरांच्या शरीरांवरून ठरत राहणार.

तुम्ही सीटीत आहात म्हणून एपीआय-सीटी अभ्यासही सांगतो. हा तुमच्याबद्दल नाही, तुमच्या पेशंटांबद्दल आहे. युरोपातले नऊ देश, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेली ९ लाख ४८ हजार माणसं, पुन्हा आयएआरसी. निकाल २०२२-२३ मध्ये आले. डोक्याचा एक सीटी झालेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या पाच ते पंधरा वर्षांत मेंदूचा साधारण एक जादा कॅन्सर. आजच्या सरासरी डोसचा सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताचे एक ते दोन जादा कॅन्सर. सीटी गरजेचा असेल तर करायलाच हवा. पोर गच्चीवरून पडलं, उलट्या करतंय, आणि आई रेडिएशनला घाबरून नको म्हणते, हे मी पाहिलंय आणि ते भयंकर आहे. पण सर्दीने डोकं दुखतं म्हणून केलेला सीटी त्या हिशेबात बसत नाही. वाशीतले लोक मला ट्रॉम्बेबद्दल विचारतात, खाडीपलीकडून काही येतं का म्हणून. त्याच माणसाच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या सेंटरांत एकाच पोटाच्या तक्रारीसाठी केलेल्या तीन सीटींची पाकिटं असतात. ट्रॉम्बेसारख्या अणुकेंद्रामुळे सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या डोसची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. पोटाचा एकच सीटी त्याच्या सात-आठपट असतो.

युरोपात हा अभ्यास होऊ शकला कारण स्कॅनची तांत्रिक माहिती रुग्णालयांनी जपली होती. तुमच्या मशीनवर प्रत्येक स्कॅननंतर डोसचं पान तयार होतं, डीएलपीचा, म्हणजे त्या स्कॅनच्या एकूण डोसचा, आकडा त्यावर असतो. ते पॅक्समध्ये (स्कॅन साठवणाऱ्या संगणक प्रणालीत) साठवलं जातंय का, रिपोर्टवर उतरतंय का, एवढं बघा. फिल्म देऊन पेशंट वाटेला लागला की तो आकडा पुन्हा कोणालाच मिळत नाही. तुमच्या हातात असलेलं हे काम रक्ताच्या नळीपेक्षा मोलाचं आहे.

आता रक्त. त्यावरून तुम्हाला कॅन्सर होणार का ते कळणार नाही. आज जगात कोणालाच ते सांगता येत नाही. रक्तावरून एक गोष्ट कळते, ती मागची. मोठा डोस मिळाला असेल तर पांढऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत विशिष्ट मोडतोड दिसते आणि ती मोजून डोसचा अंदाज बांधता येतो. बॅजवर अचानक मोठा आकडा आला आणि माणूस म्हणतोय मी तिथे नव्हतोच, तेव्हा ही तपासणी करतात. पण साधारण १०० मिलिग्रेच्या खाली तिला काही सांगता येत नाही. तुमच्या डोसला ती मुकी आहे.

मग रक्त मागतात कशाला? त्याचं उत्तर चर्नोबिलमध्ये आहे. तिथल्या अणुवीज केंद्रातल्या २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गवतातून दुधात, दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये. मुलांमधल्या थायरॉइड कॅन्सरची वाढ १९९२ मध्ये छापली गेली तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही, इतक्या लवकर होणार नाही म्हणाले. झालं. अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालच्या मुलांमध्ये २००५ पर्यंत सहा हजारांवर रुग्ण झाले. १९९८ मध्ये चर्नोबिल टिश्यू बँक सुरू झाली. युरोप, अमेरिका आणि जपान यांचा पैसा, काढलेल्या गाठींचे तुकडे युक्रेनमधल्या कीव्ह आणि रशियातल्या ओब्निन्स्कच्या संस्थांत राहणार, निदान अनेक देशांचे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवणार. ही घडण मला या क्षेत्रातली सगळ्यात शहाणी वाटते. ऊती ज्यांच्या, त्यांच्याच देशात. एकच नमुना पाच गटांनी वेगवेगळा खर्ची घालायचा नाही.

२०२१ मध्ये चर्नोबिलवर दोन मोठे निबंध आले. पहिल्यात त्या बँकेतल्या थायरॉइडच्या ४४० गाठी तपासल्या. डोस जास्त तशी डीएनएचे दोन्ही धागे तुटून चुकीचे जोडले गेल्याच्या खुणा जास्त, डोस लहान वयात मिळाला असेल तर आणखी ठळक. पण रेडिएशनने झालेल्या गाठीवर असा एकही शिक्का सापडला नाही की जो बाकीच्या गाठींवर नसतोच. एका गाठीकडे बघून ‘ही रेडिएशनची’ असं अजूनही म्हणता येत नाही. दुसऱ्या निबंधात अपघातानंतर केंद्राची साफसफाई करणारे कामगार आणि तिथून हलवलेले लोक अशा १०५ जोडप्यांच्या १३० मुलांचा सगळा जीनोम वाचला. आईवडिलांना मिळालेल्या डोसमुळे मुलांत नवे बदल जास्त आले असं दिसलं नाही. तुमच्या वयाच्या टेक्नॉलॉजिस्ट मुली मला आडून आडून विचारतात तो प्रश्न हाच असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. तुमचं रक्त या अशा कामासाठी मागतायत. त्यातून तुमचा रिपोर्ट निघणार नाही.

सही करायची का? मी केली असती, पण आधी काही गोष्टी विचारून. परदेशी सहभाग किंवा परदेशी पैसा असलेल्या आरोग्य संशोधनाला रुग्णालयाच्या नैतिकता समितीखेरीज आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती मिळाली आहे का आणि तिचं पत्र दाखवाल का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. रक्त कुठे राहणार, किती वर्षं, अभ्यास संपल्यावर उरलेल्याचं काय, दुसऱ्या विषयासाठी वापरायचं झालं तर पुन्हा विचारणार का? नाव काढून क्रमांक घातल्यावर कोणता क्रमांक कोणाचा याची किल्ली कोणाकडे? तुमच्या मालकांना तुमचा डोस किंवा प्रश्नावलीतली उत्तरं दिसणार का? याचं उत्तर ‘नाही’ असं लेखी हवं, कारण ‘डोस जास्त झाला’ हे निमित्त करून माणसाला कामावरून हलवलेलं मी पाहिलं आहे. आणि तपासणीत काही सापडलं तर कळवणार कोण, उपचाराला पाठवणार कोण?

हा शेवटचा प्रश्न मी आगाऊपणाने विचारायला सांगत नाही. हिरोशिमात १९४७ पासून अमेरिकेने चालवलेली संस्था वाचलेल्यांना तपासत असे, उपचार करत नसे. तो राग तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या धरला. १९७५ मध्ये ती मोडून जपान आणि अमेरिका यांची संयुक्त संस्था झाली. आज कुठलाही नीट अभ्यास संमतिपत्रातच या गोष्टी लिहितो. तुमच्यापर्यंत आलेलं संमतिपत्र मराठीत नसेल तर मागून घ्या, आणि ते वाचून कळत नसेल तर तसं सांगा. सही करण्याची घाई त्यांना असते, तुम्हाला असायचं कारण नाही. मधेच बाहेर पडता येतं, आणि त्याने नोकरीवर परिणाम होता कामा नये.

आणि सहीच्या आधी एक काम. बारा वर्षांत तुम्ही बहुधा एकाहून जास्त ठिकाणी नोकरी केली असेल. नव्या जागी जुना टीएलडी क्रमांक सांगायचा राहून गेला असेल, तर नवा क्रमांक मिळतो आणि तुमचा डोस कागदावर दोन वेगळ्या माणसांत वाटला जातो. जुन्या रुग्णालयाचे डोस रिपोर्ट, नेमणुकीचं पत्र, जे सापडेल ते घेऊन तुमच्या आरएसओंकडे जा आणि दोन्ही नोंदी एकत्र करून घ्या. कोणत्या तिमाहीत बॅज घातला नव्हता, कधी रजेवर होतात, कधी कॅथलॅबला बदली होती, तेही आठवून लिहून द्या. त्यांना कंटाळा आला तर माझ्या नावाने लावून धरा.